वन्संचं नाक

लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत आले त्या दिवसापासून मी ऐकत होते की या भागात दोनच गोष्टी कधी चुकत नाहीत: गिरणीचा भोंगा आणि आमच्या वन्संचं नाक. भोंगा पुढं गिरणीसकट बंद पडला. नाक मात्र पुढची चाळीस वर्षं तीनही पाळ्यांत चालू राहिलं. तळमजल्यावरच्या खोलीत बसल्या जागी वन्संना कळे, की दुसऱ्या माळ्यावर कुणाचं दूध उतू गेलंय, कुणी कालची आमटी ऊन करून नवऱ्याला ताजी म्हणून वाढलीय आणि कोणता सभ्य गृहस्थ जिन्यात विडी ओढून वर बडीशेप चघळत घरात शिरलाय. आणि त्यांना कळलं की चाळीला कळे, हे वेगळं सांगायला नको. एकदा चाळीत चोरी झाली तेव्हा पोलिसांनी कुत्रं आणलं होतं. ते बिचारं इकडेतिकडे हुंगत थेट वन्संच्या दाराशी आलं आणि बसकण मारून बसलं ते उठेचना. आत बांगडे तळत होते, दुसरं काय! पण वन्संनी पदर खोचला, बाहेर येऊन त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "शिकाक इलां बिचारां. ठेवा दोन दिवस."

वन्सं म्हणजे आमच्या यजमानांची थोरली बहीण. तिशीतच कपाळ पांढरं झालं तेव्हा कुणाच्या दारात जायचं नाही म्हणून त्यांनी तळमजल्याच्या दीड खोलीत खानावळ काढली. गावाकडची माणसं एकेका गाळ्यात वीस-वीस राहायची, पाळीप्रमाणे झोपायची आणि पाळीप्रमाणे वन्संकडे जेवायची. पुढं गिरण्या गेल्या, ती माणसंही गेली; काही गावाला, काही वर. त्यांच्या जागी वॉचमन आले, वर्कशॉपवाले आले आणि परळच्या मोठमोठ्या इस्पितळांतले वॉर्डबॉय, आयाबाया आल्या. वन्संच्या लेखी काहीच बदललं नाही. समोर पान आहे, पानापुढं भुकेला माणूस आहे, एवढं त्यांना पुरे. त्यांची एकच अट होती, की चूल पेटल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही. चाखायचं नाही म्हणजे त्यांनी स्वतःही नाही. मग मीठ, तिखट, आंबट कसं कळायचं? वन्सं टोपावर वाकत, पदर बाजूला घेत, डोळे मिटत आणि एक लांब श्वास ओढत. "जिभेक काय कळता? जीभ उष्टी करता. नाकाक उष्टां नाय," असं त्यांचं म्हणणं. श्वास आत जाई, चेहरा क्षणभर देवळातल्या मूर्तीसारखा होई आणि मग निकाल लागे: "वायच मीठ." ते वायच म्हणजे नेमकं किती, हे त्यांची बोटं आणि त्या दोघांनाच ठाऊक.

आता मी. मी गिरगावातल्या फणसवाडीची. मॅट्रिक, वर एक वर्ष कॉलेज आणि त्याच्यावर हिरव्या पुठ्ठ्याची पाककृतींची वही. त्या वयातली मी आज मला रस्त्यात भेटले तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन. आल्या आल्या मी ती वही वन्संपुढे उघडली होती. दुसरी पास वन्संनी अक्षरावर बोट ठेवत ठेवत एक ओळ वाचली, 'मीठ चवीनुसार', आणि विचारलं, "चव कोणाची? तुझी काय माझी?" मी रागानं वही मिटली. महिन्याभरात मी त्यांच्या नाकाची परीक्षा घ्यायची ठरवली. त्या नळावर गेलेल्या पाहून आमटीच्या टोपात मूठभर मीठ टाकलं आणि साळसूदपणे लसूण सोलत बसले. वन्सं कमरेवर हंडा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "गो गिरगावकरणी, टोपात समुद्र कोणी ओतलो?" मी म्हटलं, वन्सं, मिठाला वास नसतो, आम्हाला कॉलेजात रसायनाच्या बाईंनी शिकवलंय. "त्या बाईक जेवक बोलव," वन्सं म्हणाल्या, आणि त्या दिवशी अडीच शेर बटाटे माझ्याकडून सोलून घेऊन त्यांनी ती आमटी माणसांत आणली.

त्या बटाट्यांचा सूड मी चाळीस वर्षं घेतला. आम्ही तिसऱ्या माळ्यावर, त्या तळाला. रोज दुपारी खालून एक वाटी वर येई, आणि मी ती रिकामी वाटी परत पाठवताना तिच्याबरोबर एक शेरा पाठवी. खोबरं जरा पुढं आलं. तिरफळ मागं राहिलं. आज कोकम कुठं हरवलं? गॅलरीतून वाकून मोठ्यानं, म्हणजे चाळीलाही लाभ व्हावा. चाळीस वर्षांत एकदाही मी "छान झालंय" म्हटलं नाही. आणि एकदाही वाटीत काही उरलं नाही. वन्सं खालून ओरडत, "तुझ्या वहीत लिवन ठेव!" माझी बाळंतपणं, माझे यजमान गेले तो दिवस, सगळ्यातून ती वाटी वर येत राहिली. शेरा मारण्याइतकं बळ माझ्यात उरलंय की नाही हे बघायलाच त्या वाटी पाठवत असाव्यात, हे मला फार उशिरा सुचलं. मला सगळंच उशिरा सुचतं.

मग तो रोग आला. दारं बंद झाली, हॉटेलं बंद झाली, रस्त्यावर कावळे चालू लागले. इस्पितळं तेवढी चालू. तिथली माणसं सोळा-सोळा तास उभी राहायची आणि चहा-बिस्किटांवर जगायची. त्यातला एक मिशीवाला वॉर्डबॉय, पन्नाशीचा, मूळचा उत्तरेकडचा, वीस वर्षं वन्संकडे जेवणारा, तिसऱ्या दिवशी चाळीच्या फाटकाबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, भूक लगी है." झालं. पंच्याहत्तरीच्या वन्संनी खानावळ चालू ठेवायची ठरवली. चाळीची सभा भरली, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या गॅलरीत उभा राहून ओरडला. म्हातारी मरेल आणि आम्हालाही मारील, असा एकंदर सूर होता. मीही त्यात होते. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांगडो तळलो काय तिसऱ्या माळ्यावर कळता मा? मग ह्यो रोग काय जिन्यान चडान येतलो? तो पण वासासारखोच येतलो. वास खंयसून जाता तां माझ्याइतक्या कोणाक कळता?"

तेव्हा टीव्हीवर सगळे भाज्या साबणानं धुवायला सांगत होते. वन्सं एकट्याच हवेबद्दल बोलत होत्या. हा रोग उदबत्तीच्या धुरासारखा असतो, बंद खोलीत साठतो, मोकळ्यावर विरतो, असं त्यांच्या नाकानं ठरवलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सुताराकडून खानावळीचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं. मग शेगड्या अंगणात आल्या, वर ताडपत्री बांधली गेली. रोज सकाळी एक उदबत्ती पेटवून त्या वारा कुठून कुठं वाहतो ते बघत आणि त्याप्रमाणं हाताखालच्या बायकांना बसवत. वारा फिरला की बायकाही फिरत. दुपारपर्यंत एकेकीचा पाट तीनदा हलायचा. वरून बघताना मला वाटे, कुणीतरी सोंगट्या खेळतंय. जेवणाऱ्यांनी अंगणात यायचं नाही, फाटकाशी काथ्याची दोरी बांधलेली, डबे स्टुलावर ठेवायचे, ठेवणाऱ्यानं मागं सरायचं, मग घेणाऱ्यानं पुढं यायचं. त्या मिशीवाल्यानं एकदा घाईत हात पुढं केला तर वन्संनी त्याच्या हातावर पळी मारली आणि मग ती पळी उकळत्या पाण्यात टाकली.

मास्क त्यांनी आपल्या जुन्या सुती लुगड्यांचे शिवले. प्रत्येक मास्कची परीक्षा होई. तो तोंडाला बांधून समोरचं निरांजन फुंकायचं. विझलं तर मास्क नापास, आणखी एक पदर लावा. त्यात वन्संची फुंकर अशी की चांगले चांगले मास्क पहिल्या फेरीतच गारद झाले. हात धुवायला किती वेळ, हा प्रश्न त्यांनी एस.टी.वर सोडवला. साबण लावला की गावाला जायचं. कणकवली, कसाल, कट्टा, चौके, कुंभारमाठ, मालवण, एकेक थांबा सावकाश म्हणायचा, तोवर हात चोळायचे. "कुंभारमाठाक उतारलंस तर खड्ड्यात गेलंस," असा दम असे. दोरीपलीकडं पिंपावर हात धुणारे ते उत्तरेकडचे वॉर्डबॉय आणि दक्षिणेकडच्या नर्सबाया महिन्याभरात आमच्या गावाचा रस्ता पाठ म्हणू लागल्या. अन्नावर बोलायलाही बंदी होती. बोलण्याऐवजी पळीनं टोपावर वाजवायचं. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे भात उतरला, तीन म्हणजे डबे आणा. आणि टोप तयार झाला की वन्सं चार ठोके देत. तेव्हा सगळ्यांनी उठून नळापलीकडं जायचं, पाठ फिरवायची. अंगणात एकट्या उरल्या की वन्सं मास्क खाली ओढत, टोपावर वाकत, तो लांब श्वास घेत, मास्क वर चढवत आणि पाच ठोके देऊन सगळ्यांना परत बोलावत. दिवसातून तेवढाच एक श्वास त्या उघड्यानं घेत.

मला तर त्यांनी तिसऱ्या माळ्यावर कैद केलं होतं. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. "तुझां वय झालां, खाली उतारलंस तर तंगडी मोडीन," असं त्या पंच्याहत्तराव्या वर्षी मला खालून सांगत. माझी वाटी आता टोपलीतून दोरीनं वर यायची आणि माझा शेरा पूर्वीसारखाच हवेतून खाली जायचा.

या सगळ्या तमाशाच्या मधोमध एक बाई होती, सुलभा. लालबागला राहायची, वय पंचेचाळीस, पंधरा वर्षं वन्संकडे पोळ्या लाटत होती. शांत, कष्टाळू, वाद म्हणून कधी नाही. तिला दमा होता. कमरेला पंप खोचूनच ती लाटायला बसायची. वन्संनी तिला घरी बसायला सांगितलं होतं. पण घरी एका खोलीत आठ माणसं. "मावशी, इथं निदान हवा आहे," ती म्हणाली. मग त्यांनी तिचा पोळपाट अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवला, सगळ्यांपासून लांब, वाऱ्याच्या तोंडाशी. उदबत्ती होती ती खरी तिच्यासाठी. एकदा मला वर बघून वन्सं म्हणाल्या, "सगळ्यांका झालां तरी चलात. हिका होवचां नाय." ते बोलताना त्या पळी हातात घट्ट धरून उभ्या होत्या. दोन महिने त्या अंगणात कुणाला साधं पडसं झालं नाही. शेजारच्या गल्ल्यांतून माणसं उचलून नेत होते, आणि आमच्या अंगणात कणकवली, कसाल, कट्टा चाललं होतं.

मग एका मंगळवारी टोपलीतून काळ्या वाटाण्याचं सांबारं वर आलं. झाकण काढलं आणि मी थबकले. वाटप करपलं होतं. थोडंथोडकं नाही, खोबरं पार काळं झाल्याचा तो कडू, धुरकट वास. घास घेतला तर मीठही दुप्पट. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच वन्संचं नाक चुकलं होतं.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. सदुसष्ट वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी, वाटी हातात धरून एकटीच स्वयंपाकघरात हसले. ते अडीच शेर बटाटे आठवले. इतक्या मोठ्या विजयाला नेहमीचा शेरा शोभणार नव्हता. त्याला काहीतरी ठेवणीतलं हवं होतं, चाळीनं चार पिढ्या सांगावं असं. ते जुळेना, म्हणून मी ठरवलं की आज गप्प राहायचं, उद्या सावकाश. वाटी धुऊन टोपलीत ठेवली, दोरी सोडली आणि गॅलरीतून काहीही न बोलता आत आले. खाली वन्सं मान वर करून किती वेळ उभ्या होत्या, ते मी पाहिलं नाही.

बुधवारी पुन्हा करपलेलं आलं. मला दुप्पट आनंद. त्याच संध्याकाळी टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होते की या रोगात ताप येण्याआधीच वास जातो, असं आता लक्षात आलंय. मी ऐकलं. मॅट्रिक, एक वर्ष कॉलेज, मन लावून ऐकलं. आणि मग वन्संसाठीचं वाक्य घोळवत भांडी घासायला उठले. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि मी त्यांची गाठ घालून दिली नाही.

गुरुवारी टोपली आलीच नाही. खाली वाकून पाहिलं तर शेगड्या विझलेल्या, वन्सं दाराच्या रिकाम्या चौकटीत गोधडी घेऊन बसलेल्या. त्यांना ताप होता. दोन दिवसांनी त्यांना एका शाळेत केलेल्या केंद्रात नेलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सुलभाला दम लागला. पंपानं भागेना. इस्पितळात खाट मिळायला अर्धा दिवस गेला. ती मिळवून दिली त्या मिशीवाल्यानंच. नऊ दिवस ती आत होती. दहाव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं फोन करून सांगितलं की झालं. घरी आणलं नाही, कुणाला तोंड बघू दिलं नाही, चारजण प्लास्टिकचे झगे घालून घेऊन गेले. ज्या बाईनं त्या इस्पितळातल्या माणसांसाठी हजारो पोळ्या लाटल्या, तिला निरोप द्यायला त्यांच्यातलाच एक जण लांब भिंतीशी हात जोडून उभा होता. तोही आपली ड्युटी सोडून पळून आला होता.

अंगणातल्या बाकीच्यांना काही झालं नाही. तिलाच झालं. ते कसं, हे वन्संनी केंद्रातून परत आल्यावर मला सांगितलं. आता मी खाली उतरले होते. तंगडी मोडायला त्यांच्यात त्राण नव्हतं. त्या मंगळवारी सकाळपासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी अख्खं अंगण फिनेलनं धुतलं होतं, म्हणून वाटलं की फिनेलनं नाक मेलं असेल, उद्यापर्यंत जागं होईल. चार ठोके दिले, वाकल्या, श्वास घेतला, काहीच नाही. मग अंदाजानंच मीठ घातलं. बुधवारीही तसंच. तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली. रोगाची नाही, ती त्यांच्या मनातही नव्हती. आपण इतक्या थकल्या-भागल्या माणसांना वाईट जेवायला घालू, ही भीती. चाखायचं तर नैवेद्य व्हायचाय. म्हणून त्यांनी सुलभाला झाडाखालून हाक मारली. "ये गो, वायच वास घे. माझां नाक मेलां फिनेलान." आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघी एका टोपावर वाकल्या, मास्क खाली ओढून, डोक्याला डोकं लावून.

"मग? ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मावशी, छान वास येतोय."

करपल्याचा वास तिसऱ्या माळ्यापर्यंत येत होता. पण पंधरा वर्षं जिच्या नाकाचा दरारा पाहिला तिच्या तोंडावर ती कसं सांगणार? खाणाऱ्यांनीही सांगितलं नाही. तो मिशीवाला नंतर माझ्याजवळ रडला. "आंटी, पता था. सबको पता था. लेकिन इस हाल में कोई गरम खाना दे रही है, उसको बोलें कि जल गया?" आमच्यात पानातल्या अन्नाला कुणी नावं ठेवत नाही, आणि वाढणारीला तर नाहीच. सगळ्यांनी चांगुलपणानं तोंड बंद ठेवलं. माझ्याकडे तोही चांगुलपणा नव्हता. नावं ठेवणं हे तर माझं चाळीस वर्षांचं काम होतं, आणि त्या एका दिवशी मी सुट्टी घेतली. मंगळवारी मी गॅलरीतून नुसतं "करपलंय!" म्हणून ओरडले असते, तर बुधवारी ती हाक गेली नसती.

हे मी वन्संना सांगायला महिना लावला. रोज खाली जाई, पेज करून देई आणि न बोलता वर येई. शेवटी एका दुपारी पेजेची वाटी त्यांच्या हातात देऊन एका दमात सगळं सांगितलं. करपलेला वास आला होता, आनंद झाला होता, वाक्य जुळवत होते, टीव्हीवर ऐकलं होतं. काही लपवलं नाही. वन्संनी वाटी खाली ठेवली. त्या मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वाटी परत इली तेव्हा मी वर बघित उभी होतंय," त्या हळूच म्हणाल्या. "तू कायच बोललंस नाय. माका वाटलां, ह्या वेळी तुका आवडलां."

पेज गार झाली.

आता त्याला काही वर्षं झाली. वन्सं ऐंशीच्या पुढं आहेत. नाक परत आलं नाही. म्हणजे नावापुरतं आलं. कापूर कळतो, रॉकेल कळतं, बाकी सगळं पांढरं, असं त्या म्हणतात. तरी खानावळ चालू आहे, अंगणातच. लोक विसरले, मास्क कपाटात गेले, पण दार त्यांनी परत बसवू दिलं नाही. पोळ्या आता त्या स्वतः लाटतात, दोन-चारच माणसांच्या. दुसरी बाई ठेवा म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात. आणि रोज अकराच्या सुमारास चार ठोके वाजतात. ते माझ्यासाठी. मी कठडा धरून, एकेक पायरीवर गुडघ्याला शिव्या देत तीन माळे उतरते. वन्सं नळापलीकडं जाऊन पाठ करून उभ्या राहतात. मी टोपावर वाकते. त्या तिकडूनच विचारतात, "खरां सांग."

पहिल्या वर्षी मी खरंच खरं सांगत असे. मीठ कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. ते ठीक चाललं. पण एक दिवस सगळंच जमून आलं आणि मी मनापासून म्हटलं, "वन्सं, छान वास येतोय." त्या वळल्या. तोंड पार उतरलं होतं. टोपावर झाकण टाकलं आणि त्या दिवशी डबे भरलेच नाहीत. माणसं फाटकाशी थांबून थांबून गेली. तेव्हापासून मला कळलं आहे. चांगलं म्हटलेलं त्यांना आता सोसत नाही.

काल कुळथाचं पिठलं होतं. इतकं सुरेख जमलं होतं की मी वाकले ती क्षणभर तशीच राहिले. लसूण नेमका तांबूस, कोकम जागच्या जागी. नळापलीकडं ती वाकलेली पाठ वाट बघत होती. मी घसा साफ केला आणि चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "लसूण वायच कच्चा राहिलाय, वन्सं!"

त्यांचे खांदे सैल झाले. "तुका काय कळता लसणीतलां," म्हणत त्या हळूहळू आल्या, आणि पळी उचलून डबे भरू लागल्या.